‘पाऊस पाडा’ म्हणणारा आणि ‘पाऊस पळवला’ म्हणणारा माणूस एकच असतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही नाशिकला एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करताय आणि प्रकल्पासाठी ‘हवामानबदलावर उपाय म्हणून जिओइंजिनिअरिंग आणि लोकांची मतं’ हा विषय घेतलाय, म्हणजे पृथ्वी थंड करायला हवामानात मुद्दाम हात घालण्याचे उपाय. सिन्नर आणि निफाड तालुक्यांत साठेक जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘असं तंत्रज्ञान वापरायला तुमचा पाठिंबा आहे का?’ याला निम्म्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. शेवटच्या पानावरच्या ‘विमानं पाऊस पळवतात असं वाटतं का?’ यालाही जवळपास त्याच लोकांनी ‘हो’ म्हटलं. मार्गदर्शक म्हणतात, उत्तरं एकमेकांना छेद देतात, माहिती बाद करा. आणि तुम्ही विचारताय की ‘ग्रामीण लोकांना विषय समजला नाही’ असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का.

असं लिहू नका, आणि माहिती बादही करू नका. ती उत्तरं एकमेकांना छेद देतच नाहीत. विमानातून काहीतरी मारून पाऊस पळवता येतो असं ज्याला वाटतं, त्याला काहीतरी मारून पाऊस आणता येतो असंही वाटणारच. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: माणसाचा हात आता आभाळापर्यंत पोचतो. मग राहतं एवढंच की तो हात कुणाचा. तुमच्या प्रश्नावलीत नेमकं तेच विचारलेलं नाही.

मी मूळची कृषी पदवीधर. एकवीस वर्षं नाशिक जिल्ह्यात गावबैठका, गटचर्चा आणि सर्वेक्षणं करते. आधी पाणीवाटप आणि पीकविमा हे विषय होते, अलीकडे हवामान आणि त्यावरची नवी तंत्रं. पुढे जे लिहितेय ते याच कामातून आलेलं आहे. कोकणात किंवा विदर्भात हेच चित्र दिसेल असं मी म्हणणार नाही. किंबहुना आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तासा-दीड तासावरच्या सिन्नरला पाचशेच्या आसपास, तेव्हा दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर मलाच शंका येईल. कुठल्या महिन्यात विचारलं, शेतात काय उभं होतं, शेजारी कोण बसलं होतं, यावर उत्तर हलतं.

आधी शब्दाचं बघू. ‘जिओइंजिनिअरिंग’ म्हटल्यावर सिन्नरच्या एका बैठकीत दोघांनी बोअरचं पाणी शोधणाऱ्या माणसाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि एका मुलाला मोबाईलचं सिम आठवलं. ‘भू-अभियांत्रिकी’ म्हणून बघितलं तर लोकांना धरणं आणि रस्ते वाटले. यात त्यांची काही चूक नाही. 2011 साली अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या सुमारे 3,100 लोकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात ‘जिओइंजिनिअरिंग’चा बरोबर अर्थ फक्त 8 टक्के लोकांना सांगता आला. तेच ‘क्लायमेट इंजिनिअरिंग’ म्हटल्यावर 45 टक्क्यांना सांगता आला, कारण त्या शब्दात अर्थ दिसतो. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांची ही गत, तर आपण निफाडच्या माणसाकडून काय अपेक्षा करायची? मी आता शब्द वापरतच नाही. सरळ सांगते: ‘पृथ्वी तापतेय. ती थंड करायला काही शास्त्रज्ञ दोन तऱ्हेचे उपाय सुचवतात. एक, हवेतला कार्बन डायऑक्साईड काढून जमिनीत, झाडांत, दगडात नाहीतर समुद्रात साठवायचा. दुसरा, सूर्याचा थोडासा उजेड पृथ्वीवर पोचण्याआधीच परत पाठवायचा.’ एवढं झालं की थांबते आणि लोकांना बोलू देते.

मग ते बोलतात कृत्रिम पावसाबद्दल. दर वेळी. खरं तर क्लाऊड सीडिंग, म्हणजे ढगात बारीक कण पेरून (बीजारोपण करून) पाऊस पाडणं, हे जिओइंजिनिअरिंग नव्हे. त्याचा परिणाम एखाद्या ढगावर, काही तासांपुरता. जिओइंजिनिअरिंग म्हणजे सगळ्या पृथ्वीच्या तापमानाला हात घालणं. हा फरक समजावून सांगावा, पण लोकांचं बोलणं तोडून नाही. कारण आभाळात मुद्दाम काही करण्याचा त्यांनी ऐकलेला, पाहिलेला प्रकार तेवढाच आहे. महाराष्ट्रात 2003 मध्ये सरकारने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, मग 2015 मध्ये, मग 2019 मध्ये. नंतरच्या दोन्ही वेळी विमानं औरंगाबादहून उडत होती. प्रत्येक वेळी दुष्काळ पडलेला, जाहीर केलेलं फार आणि लोकांच्या हाती आलेलं थोडं. शास्त्र यातलं काय सांगतं तेही जवळ ठेवा, कारण लोक विचारतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरकडे 276 ढगांवर शिस्तीत प्रयोग केला, काहींवर बीजारोपण करून, काहींवर न करता. ज्या भागात बीजारोपण केलं तिथे पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे मुळात भरलेला ढग असेल तर थोडं जास्त पडतं. कोरड्या आभाळातून काही निघत नाही. दिल्लीत 28 ऑक्टोबर 2025 ला विमानं उडाली तेव्हा हवेत ओल फारच कमी होती, म्हणून दिल्लीत पाऊसही आला नाही.

‘विमानं पाऊस पळवतात’ याकडे जरा थांबून बघा. सातारा-सांगलीकडे हीच तक्रार पवनचक्क्यांबद्दल होती: पाती फिरतात म्हणून ढग पुढे सरकतात. आपल्याकडे ओझरचा विमानतळ जवळ असल्यामुळे आभाळात विमान रोज दिसतं. सिन्नर तालुक्यातले एक आजोबा मला म्हणाले, ‘ताई, मी काय ऐकीव सांगत नाही. दुपारी काळंभोर भरून आलं होतं. विमान गेलं, पांढरी रेघ राहिली, तासाभरात सगळं पांगलं.’ त्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. सिन्नर पर्जन्यछायेत आहे. दुपारी वर चढलेला ढग वरच्या कोरड्या हवेत विरून जाणं तिथे नेहमीचं आहे, विमान असो वा नसो. पांढरी रेघ म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ, वरच्या थंडीत गोठलेली. वर ओलावा असला की ती रेघ बराच वेळ टिकते, आणि वर ओलावा असतो तो हवामान पालटायच्या सुमारास. म्हणून रेघ आणि ढगांची हालचाल जोडीने दिसते. आजोबांचं निरीक्षण पक्कं होतं, जोडलेलं कारण चुकलं होतं. तुमच्या अहवालात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा.

आणि एक पथ्य मी कधी मोडत नाही. मुलाखतीच्या सुरुवातीला कुणाची समजूत दुरुस्त करायची नाही. आधी विचारायचं, ‘कधी पाहिलंत? कुठे उभे होतात? मग काय झालं?’ सगळं लिहून घ्यायचं. समजावणं शेवटी, चहाच्या वेळेला. सुरुवातीलाच ‘तसं नसतं हो’ म्हटलंत की पुढची सगळी उत्तरं तुमच्या तोंडाकडे बघून येतात.

आता पिंपळगाव बसवंतच्या बाजूची एक बैठक सांगते. माझा या विषयाकडे बघायचा रोख तिथे बदलला. आठ-दहा द्राक्षबागायतदार होते, बेदाण्याच्या जुन्या शेडमध्ये खाटेवर, क्रेटवर बसलेले. सूर्याचा उजेड परतवायची कल्पना मी सांगत होते. 1991 च्या जूनमध्ये फिलिपिन्समध्ये माउंट पिनाटुबो फुटला. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साईड वर गेला, पृथ्वीभोवती त्याच्या सूक्ष्म थेंबांचा पडदा धरला आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. तेच काम विमानांनी वीसेक किलोमीटर उंचीवर जाऊन करावं, असा हा विचार आहे. एवढं सांगून झालं आणि एका बागायतदाराने मान वर केली. ‘म्हणजे गंधक?’

गंधक म्हटल्याबरोबर बैठकीचा नूर पालटला. वेलीवरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी ज्यांनी आयुष्यभर केली त्यांना हा विषय आता परका राहिला नव्हता. पहिला प्रश्न आला: ‘डोस कोण ठरवणार?’ कडक उन्हात गंधक पडलं की पान करपतं, घडावर डाग येतात, हे त्यांच्या हाताला ठाऊक. दुसरा: ‘एकदा मारलं की किती दिवस टिकतं?’ मी म्हटलं, वर्ष-दोन वर्षं. मग खाली येतं, पुन्हा मारावं लागतं. ‘म्हणजे दर साल फवारणी.’ हो. तिसरा प्रश्न शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या तरण्या मुलाचा होता. तो म्हणाला, ‘आणि एखाद्या साली फवारणी चुकली तर?’ शास्त्रज्ञ ज्याची सगळ्यात जास्त चिंता करतात ते हेच. कार्बन डायऑक्साईड साठतच राहिला आणि पडदा एकाएकी काढला, तर दबून राहिलेली सगळी उष्णता थोड्या वर्षांत अंगावर येते. मी ते सांगायच्या आधीच शेजारच्या नानांनी त्याला उत्तर दिलं, ‘रोग मुळात तसाच राहिला ना. वरून नुसतं झाकलं.’

त्या तिघांपैकी कुणालाही तुमच्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता आलं नसतं. पण मत त्यांच्याकडे होतं आणि ते अत्यंत नेमकं होतं.

हे मत आलं कुठून, याचाही शोध घेतला पाहिजे. त्या बैठकीत थोड्या वेळाने 2010 चा विषय निघाला. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांचं सीसीसी, वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे सर्रास वापरलं जायचं. त्या हंगामात युरोपने त्याच्या अंशावरून भारतीय द्राक्षं नाकारली. माल बंदरात अडकला, पैसे बुडाले. कुणी लबाडी केली नव्हती. जे चालतं असं सांगितलं होतं तेच मारलं होतं. ज्या माणसाने हे भोगलंय तो ‘शास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे, सुरक्षित आहे’ या वाक्यावर मान डोलावत नाही. तो विचारतो, उद्या नियम बदलला तर भरपाई कोण देणार? त्याला विज्ञानविरोधी म्हणू नका. जिल्ह्यातल्या द्राक्षबागा प्रयोगशाळेच्या अहवालावरच चालतात, पान-देठ परीक्षण केल्याशिवाय तो खत टाकत नाही. त्याची शंका निर्णय घेणाऱ्यावर असते, आणि चुकीचं बिल कुणाच्या नावावर फाटणार यावर.

हीच गोष्ट पाण्यात तर फारच ठळक दिसते. जगाचं तापमान कमी-जास्त करायची कळ कुणाच्या हातात असावी, हा प्रश्न परदेशी अभ्यासकांना समजावून सांगायला पानंच्या पानं लागतात. नाशिकमध्ये मी एवढंच म्हणते, ‘समजा अशी कळ असली तर?’ लगेच कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे गंगापूरच्या दरवाजासारखं.’ गंगापूर, दारणा, पालखेड या आपल्या धरणांचं पाणी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला किती सोडायचं, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडण आहे. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, त्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. पावसाळा संपताना जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र त्यावरून ठरलं. 2023 मध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा इथे आंदोलनं झाली, आणि तिकडे मराठवाड्यात ‘सोडत का नाही’ म्हणून झाली. दोन्हीकडचे लोक खरं बोलत होते. म्हणून इथला माणूस तुम्हाला न अडखळता सांगतो की कळ असली की भांडण आलंच, कायदा असला तरी आलंच. मग दोनशे देश आणि एकच आभाळ असलं तर काय होईल, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. उजेड परतवणारा पडदा फक्त एका गोलार्धात धरला तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा सरकू शकतो, असं हवामानाच्या मॉडेलमध्ये दिसलेलं आहे. मोसमी पावसावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा कडेचा मुद्दा नाही, मुख्य मुद्दाच हा आहे.

‘लोकांचं मत’ असं एकवचनात लिहिताना जपून. नोव्हेंबरचा एखादा दिवस घ्या. सिन्नरच्या पूर्व भागात ज्वारी-हरभऱ्याला एक पाणी हवंय, माणूस आभाळाकडे डोळे लावून बसलाय. त्याच दिवशी निफाडला बाग फुलोऱ्यात आहे आणि ढग आला तरी बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण पाऊस म्हणजे डाऊनी ही बुरशी आणि घडांची गळकूज. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड-चांदवडकडे अवकाळी आणि गारा झाल्या. काही तासांत बागा झोडपून निघाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात ‘आभाळावर ताबा मिळवणारं तंत्रज्ञान हवं का?’ असं विचारलं असतं तर निफाडमध्ये शंभरातले नव्वद ‘हवं’ म्हणाले असते. ते मत नव्हे, ती जखम. तुमच्या फॉर्मवर तारीख आहे का? नसेल तर आजच आठवून लिहून काढा.

बायकांची उत्तरं वेगळी काढलीत का, हेही विचारायचं आहे. मिश्र बैठकीत त्या बोलत नाहीत आणि फॉर्मवर पुष्कळदा घरातल्या पुरुषाचं उत्तर येतं. येवला तालुक्यात बचत गटाच्या बायकांशी वेगळी बसले तेव्हा एकीने विचारलेलं अजून माझ्या वहीत आहे: ‘पाडलेला पाऊस तळ्यात पडणार का माझ्या वाळत घातलेल्या कांद्यावर, हे सांगता येतं का?’ मी म्हटलं, नाही, इतकं नेमकं नाही सांगता येत. ती म्हणाली, ‘मग पाडणाऱ्याने आधी गावाला सांगायला नको का?’ संमती, पूर्वसूचना, भरपाई असे मोठे शब्द तिच्याकडे नव्हते. मागणी मात्र तीच होती.

जगाच्या पातळीवर काय दिसतं तेही तुमच्या अहवालात यायला हवं. 2024 मध्ये 30 देशांतल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतही त्यात होता. त्यात विकसनशील देशांतले लोक या तंत्रांना श्रीमंत देशांतल्या लोकांपेक्षा जास्त अनुकूल दिसले. तरुण आणि ज्यांना हवामानाचा फटका जास्त जाणवतो ते अधिकच. सगळीकडे पसंती झाडं लावण्यासारख्या उपायांना जास्त, उजेड परतवण्याला कमी. वाचून लगेच ‘भारतीयांचा पाठिंबा आहे’ असं लिहू नका. हे सर्वेक्षण ऑनलाइन होतं. ऑनलाइन प्रश्नावली भरणारा भारतीय आणि सुरगाण्यातली नागलीवाली बाई यांच्यात किती अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि मला वाटतं, ज्याला उन्हाचा चटका बसतोय तो पाण्याचा पेला पुढे करणाऱ्याला ‘हो’च म्हणतो. त्या ‘हो’मध्ये गरज किती आणि भरवसा किती, हे वेगळं काढणं तुमचं काम आहे.

लोकांचा विरोध होतो तेव्हाही तो बहुतेक भरवशावरच होतो. 2021 मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना उत्तर स्वीडनमधल्या किरुनाजवळ एक फुगा सोडायचा होता. त्या उड्डाणात काही फवारायचंही नव्हतं, नुसती उपकरणं तपासायची होती. तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने हरकत घेतली की आम्हाला विचारलंच नाही. उड्डाण रद्द झालं, आणि 2024 मध्ये तो सगळा प्रकल्पच बंद केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात ढगांनी जास्त उजेड परतवावा या कल्पनेसाठी जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून समुद्राच्या पाण्याचा बारीक फवारा सोडून बघत होते. तपासणीत धोका आढळला नाही, तरीही नगर परिषदेने एकमताने प्रयोग थांबवला. भारताचं स्वतःचं उदाहरण 2009 चं आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये लोहाचं मीठ टाकून शेवाळ वाढवायचा प्रयोग केला. शेवाळ वाढलं की ते कार्बन घेऊन तळाला जाईल अशी अपेक्षा होती. पर्यावरणवाद्यांनी जर्मनीत मोठा आक्षेप घेतला, सरकारने काम काही दिवस रोखून ठेवलं. शेवटी प्रयोग झाला आणि बरंचसं शेवाळ छोट्या समुद्रजीवांनीच खाऊन टाकलं, कार्बन फारसा खाली गेला नाही. आपल्याकडे या प्रयोगाची गावपातळीवर कुणाला वार्ताही नव्हती. संस्था आपली होती, तरी लोकांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला हे टोचतं.

कार्बन काढून घेण्याच्या उपायांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर इथे फार खळखळ होत नाही. झाडं, बायोचार (काडीकचऱ्याचा कोळसा करून जमिनीत घालणं), शेतात बेसाल्टची भुकटी टाकणं, हे लोकांना ओळखीचं वाटतं. नाशिकची जमीनच मुळी बेसाल्टची. भुकटी झिजताना पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साईड बांधून ठेवते आणि जमिनीला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियमही देते, असं सांगितलं की शेतकरी वाहतुकीचा खर्च विचारतो आणि कार्बन क्रेडिटचे पैसे कुणाच्या खात्यात, हे विचारतो. रास्त प्रश्न आहेत.

आता तुमच्या माहितीपत्रकाचं. तुम्ही त्यात लिहिलंय, ‘ज्वालामुखीसारखी नैसर्गिक प्रक्रिया’. हे काढून टाका. निसर्गाशी तुलना करून वर्णन केलं की पाठिंबा वाढतो, हे ब्रिटनमधल्या प्रयोगांत दिसून आलेलं आहे. पिनाटुबोचं उदाहरण जरूर द्या, पण सोबत हेही सांगा की विमानांनी ते वर्षानुवर्षं करावं लागेल आणि थांबवलं तर काय होईल. मीही सुरुवातीला ही चूक केली होती, म्हणून सांगते.

तुमचे साठ फॉर्म असे वापरा. दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणणाऱ्यांना एक गट माना आणि शीर्षक द्या ‘आभाळात हस्तक्षेप शक्य आहे असं मानणारे’. दोन्हींना ‘नाही’ म्हणणारे दुसरा गट, त्यात तुम्हाला ‘हे देवाचं काम’ म्हणणारे बरेच सापडतील, त्यांचंही म्हणणं नीट लिहून घ्या. मग दोन्ही गटांतल्या पाच-सहा जणांकडे परत जा आणि फॉर्म न घेता चार गोष्टी विचारा. हे कुणी करावं असं वाटतं? करण्याआधी कुणाला विचारलं पाहिजे? चुकलं तर कुणी भरून द्यावं? बंद करायचं झालं तर कोण करणार? याआधी असं काही झालेलं आठवतं का, हे मात्र आवर्जून विचारा आणि गप्प बसून ऐका. पाण्याचं, विम्याचं, औषधाचं, काहीही सांगोत, तोडू नका. मार्गदर्शकांना ही उत्तरं दाखवलीत की ‘परस्परविरोधी’ हा शब्द ते स्वतःच मागे घेतील असं मला वाटतं.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘धूर त्यांनी केला आणि औषध आमच्या डोक्यावर मारणार?’ पाठिंबा की विरोध या रकान्यांत हे कुठेच बसत नाही. अशा वाक्यांसाठी फॉर्मच्या मागची बाजू कोरी ठेवा आणि ती बोललेल्या शब्दांतच उतरवा, शुद्ध करून नाही.

निफाडला जायचं तर फळछाटणी सुरू व्हायच्या आत जा. एकदा छाटणी आणि डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावणं सुरू झालं की कुणी बसणार नाही, आणि बसलाच तर लक्ष मजुरांकडे असेल. सिन्नरला पोळ्यानंतर संध्याकाळी गाठा, दूध घालून लोक डेअरीवरून परततात तेव्हा. बायकांसाठी दुपारी दोन ते चार. कांद्याची रोपं टाकायचं काम चालू असेल तर वाफ्याच्या कडेला बसूनच बोला, त्या हात चालू ठेवून बोलतील. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, आभाळ कसं होतं आणि शेतात काय उभं होतं, एवढं लिहून मगच पहिला प्रश्न विचारा.